आधी गल्ल्यापाशी बसा

ताई, सादर नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे. पाच वर्षं नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका जाहिरात संस्थेत आणि सहा वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या मार्केटिंग विभागात काम केलं. मार्चअखेर नोकरी सोडली. आता छोट्या संस्थांना आणि दुकानांना स्वतंत्रपणे मार्केटिंगचा सल्ला द्यायचा, असं ठरवलंय. हातात तीन कामं आहेत: मावसभावाचा दातांचा दवाखाना, हिंगण्याकडचा पापड-मसाल्यांचा एक बचत गट आणि मानेवाड्याजवळची विशेष मुलांची एक शाळा, जी एक ट्रस्ट चालवते. पण जो तो विचारतो, 'एका पोस्टचे किती घेता?' शाळेचे सचिव म्हणतात, 'आम्ही सेवाभावी, तुम्हीही थोडी सेवा करा.' मावसभावाकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. चार महिन्यांत मिळून २२ हजार रुपये आले. यजमान म्हणतात, वर्षभर बघ. सासरे म्हणतात, नोकरी धर. फी कशी ठरवू? धरमपेठेत एक छोटी खोली भाड्याने मिळतेय, ती घेऊ का? की नागपूरचा नाद सोडून पुण्या-मुंबईची ऑनलाइन कामं शोधू?
एक वाचक, त्रिमूर्तीनगर

प्रिय मैत्रिणी,

मी या कामात आले तेव्हा हाच प्रश्न 'एका पॅम्प्लेटचे किती घेता?' असा विचारला जायचा. माणूस डोळ्यांना दिसतं त्याचाच भाव विचारतो. तुम्ही आजवर समोरच्याला पोस्ट दाखवलीत, म्हणून तो पोस्टचा भाव करतो. आणि आता तर पोस्ट लिहायला सल्लागार लागतही नाही. दुकानातला पोरगा मोबाईलवर दोन मिनिटांत फुकट मजकूर काढतो, चित्रासकट. त्या शर्यतीत उतरू नका. तुमची अकरा वर्षं तिथे मातीमोल होतील.

मग विकायचं काय? हे मला इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात कळलं. जरा सविस्तर सांगते.

दुकान जुनं, दुसऱ्या पिढीचं. गादी, तिच्यावर पांढऱ्या चादरी, मागे छतापर्यंत कपाटं. मालकांनी मला बोलावलं ते फेसबुकसाठी. 'मॅडम, सगळेच करून राहिले, आपणही करू.' मी म्हटलं, करू, पण आधी मला दोन दिवस इथे नुसतं बसू द्या. एप्रिलचे दिवस, लग्नसराई ऐन भरात. मी गल्ल्यापाशी स्टूल टाकून बसले, मांडीवर दोनशे पानी वही. बिल करायला येणाऱ्या प्रत्येकाला दोनच प्रश्न: कुठून आलात, आणि याच दुकानात कसे आलात?

उमरेड, काटोल, सावनेर, कामठी. बस्ता बांधायला सहा-सहा, सात-सात माणसं आलेली. जवळजवळ प्रत्येक घोळक्यात एक मावशी नाहीतर आत्या होती, जिच्या घरचा बस्ता पूर्वी याच दुकानातून गेलेला. दुकान ती ठरवायची. नवरीला फक्त रंग ठरवायचा होता. दुसरं असं दिसलं की दर अर्ध्या-पाऊण तासाने फोन वाजे आणि एक पोरगा गल्लीच्या तोंडापर्यंत पळत जाऊन कोणाला तरी घेऊन येई. मोबाईलच्या नकाशावर दुकानाची खूण मागच्या गल्लीत पडली होती. फोन करणारे पोहोचत होते. न करणारे वाटेतल्या दुकानात शिरत होते, आणि ते किती होते हे कोणालाच कधी कळलं नसतं. तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारी दिसली. भर उन्हातून आलेल्या एका आजींना गादीवर मांडी घालून बसता येईना. गुडघे. त्या उंबऱ्यापाशी खांबाला हात लावून उभ्या राहिल्या, दहा मिनिटं कशीबशी काढली आणि म्हणाल्या, 'चला बाप्पा, दुसरीकडे पाहू.' सगळा बस्ता उठून त्यांच्यामागे गेला. मालक त्या वेळी नोटा मोजत होते. त्यांनी पाहिलंही नाही.

माझा सल्ला एका कागदात मावला. नकाशावरची खूण दुरुस्त करा. चार खुर्च्या आणि एक माठ ठेवा. बस्ता बांधणाऱ्या प्रत्येक घराची एक नोंदवही करा: लग्नाची तारीख, मावशी-आत्यांचं नाव आणि नंबर, घरात यानंतर लग्नाचं कोण आहे. तुळशीची लग्नं लागली की त्या नंबरांवर मालकांनी स्वतः फोन करायचा. फेसबुकचं पान झालं, पण सगळ्यात शेवटी. पुढच्या सराईआधी मालकांचा फोन आला तेव्हा त्यांनी भाव विचारला नाही. 'मॅडम, पुन्हा केव्हा येऊन बसता?' असं विचारलं.

तुमचा माल तो आहे, मैत्रिणी: येऊन बसणं, पाहणं, आणि पाहिलेल्यातलं काय आधी करायचं, काय मुळीच करायचं नाही, हे सांगणं. मोठ्या कंपन्यांकडे हे काम करणारी अख्खी माणसं असतात. छोट्या दुकानात मालकच गल्ल्यावर, मालकच खरेदीला, मालकच बँकेत. त्याला स्वतःचं दुकान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहायला उसंतच मिळत नाही. ती उसंत तुम्ही त्याला देता, आणि तिचे पैसे मागण्यात काही वावगं नाही.

आता तुमच्या तीन कामांकडे येते.

दवाखान्यापासून सुरुवात करते, कारण तिथे आधी ब्रेक लावायला हवा. डॉक्टरांना रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत मज्जाव आहे. डॉक्टरांसाठी ती २००२ ची, दंतवैद्यांसाठी २०१४ ची. नवीन दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला अशा साध्या सूचना चालतात. रुग्णालयात असताना 'पॅकेज', 'सवलत', आधीचे आणि नंतरचे फोटो, असलं तुम्ही पाहिलं असेल, कदाचित केलंही असेल. मावसभावासाठी ते करू नका. उद्या तक्रार झाली तर नोंदणी त्याची धोक्यात येईल. नातेवाइकांकडून पंचतारांकित रिव्ह्यू लिहून घेण्याचंही तेच. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये मानक आणलं आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे तुम्हाला ठाऊक असणं हासुद्धा तुमच्या सल्ल्याचा भाग आहे. (कधी वकील मंडळी आली तर त्यांनाही बार कौन्सिलच्या नियमाने जाहिरात वर्ज्य आहे, एवढं लक्षात असू द्या.)

मग दवाखान्यात करायचं काय? प्रतीक्षेच्या खोलीत दोन संध्याकाळी बसा. दुपारी दवाखाना बंद असताना किती फोन येऊन वाया जातात ते पाहा. रूट कॅनालच्या दुसऱ्या बैठकीला किती जण आलेच नाहीत, त्यांना कोणी फोन केला का, ते विचारा. नकाशावर वेळा बरोबर आहेत का? गाडी कुठे लावायची हे कुठे लिहिलंय का? सहा महिन्यांनी तपासणीची आठवण जाते का? यातलं काहीच जाहिरात नाही आणि यातल्या प्रत्येकाने खुर्ची भरते.

पैशाचं म्हणाल तर त्याला फोनवर सांगू नका, घरी जाऊन सांगा. 'आत्तापर्यंतचं झालं ते माझ्याकडून. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मी बिल देईन, हा त्याचा कागद.' एवढंच. कारणं द्यायची नाहीत, हसून विषय टाळायचा नाही. तो दात फुकट काढत नाही, आणि तुमच्याकडून पैसे न देता काम करून घेताना त्यालाही अवघडल्यासारखं होत असणार.

बचत गटाबद्दल मला फार बोलावंसं वाटतं, कारण या बाया हाताने जे करतात त्याला तोड नाही आणि त्यांच्या पाकिटावर नुसतं 'घरगुती चवीचे' लिहिलेलं असतं. तेच शेजारच्या स्टॉलवरही लिहिलेलं असतं. प्रदर्शनात त्यांच्या स्टॉलच्या मागे उभ्या राहा आणि पाकीट हातात घेणाऱ्या बाईचा हात पाहा. ती पाकीट उलटं करते. तारीख शोधते. मग विचारते, 'फार तिखट आहे का? किती दिवस टिकते? पापडखार किती?' हीच तिची भाषा, आणि पाकिटावर याचीच उत्तरं हवीत: कमी तिखट, चार महिने टिकतं, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात केलं. सोबत फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर, वजन, किंमत, शाकाहाराची हिरवी खूण, आणि तक्रारीसाठी फोन. हे नसेल तर कोणतंही धड दुकान माल ठेवणार नाही, मग मजकूर कितीही गोड लिहा.

व्हॉट्सॲप बिझनेस त्यांना शिकवा, ते फुकट आहे आणि त्यात मालाची यादी लावता येते. पण एक खाच आहे: ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, निरोप त्यालाच पोहोचतो ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनात साठवला आहे, आणि एका यादीत २५६ च नंबर बसतात. म्हणून नंबर गोळा करण्याआधी नंबर साठवून घ्यायला शिकवा. पैसे घेताना गटातल्या ताईंनी म्हणायचं, 'माझा नंबर टाकून घ्या फोनात, मुगवड्या झाल्या की कळवते.'

आणि त्यांचं वर्ष नागपूरच्या वर्षाला बांधा. पारा ४५ च्या घरात जातो ते दीड-दोन महिने वाळवणांचे. बायका तेव्हा कुरड्या, पापड, सांडग्या मिरच्या करत असतात, विक्रीकडे पाहायला वेळ नसतो. म्हणून आगाऊ मागणी मार्चमध्येच घ्यायची. पोळा झाला की महालक्ष्म्यांची लगबग, मग दिवाळी. दिवाळीनंतरचा आठवडा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला नोकरी करणारी आपली पोरं तेव्हा परत निघतात आणि आई बॅगेत काहीतरी कोंबत असते. त्या बॅगेत बसेल असं एक किलोचं मिश्र पाकीट करा: तिखट, गोडा मसाला, मुगवड्या, पापड. त्याच्यावर नंबर ठळक. ते पाकीट संपलं की पुढचा फोन पुण्याहून येईल. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या माध्यमातून बचत गटांच्या सरस प्रदर्शनात जागा मिळते का, तेही पाहा. गट नोंदणीकृत असेल तर दार उघडं आहे.

हा गट दरमहा फी देऊ शकणार नाही. दर दोन महिन्यांनी अर्धा दिवस, असं ठरवा. फी थोडी, पण न चुकता.

शाळेचं काम सगळ्यात नाजूक. सचिवांचं 'सेवा करा' हे म्हणणं मला लागतं, कारण ते खरंही आहे आणि अन्यायाचंही आहे. शाळेच्या वीजबिलाला कोणी सेवा करा म्हणत नाही. तुम्ही बिलावर पूर्ण फी लिहा. खाली वेगळ्या ओळीत सवलत लिहा, आणि ती किती महिन्यांसाठी, तेही लिहा. म्हणजे तुम्ही काय देताय हे विश्वस्तांच्या बैठकीत दिसतं. एक लक्षात घ्या, सेवेची किंमत देणगी धरून करात सूट मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच असते. आणि मनापासून सेवा करायची असेल तर ती कामापासून वेगळी ठेवा. शनिवारी जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवा. त्याचं बिल नाही, त्याचा हिशेब नाही.

अशा ट्रस्टना देणगीदार हवे असतात, आणि त्यांचं गळतीचं ठिकाण मी अनेकदा एकच पाहिलं आहे: पैसे आल्यावर पुढे काहीच होत नाही. पावती दोन महिन्यांनी, आभार नाहीत, पैशाचं काय झालं हे कधीच नाही. देणगीदाराला करात सूट (जिला ८०जीची सूट म्हणतात) हवी असेल तर आर्थिक वर्ष संपल्यावर ट्रस्टने देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरावी लागते आणि त्यातूनच देणगीदाराला प्रमाणपत्र निघतं. ते उशिरा आलं की पुढच्या वर्षी तो माणूस फोन उचलत नाही. शिवाय नव्या कररचनेत ही सूट मिळतच नाही, आणि पगारदार मंडळी मोठ्या संख्येने तिकडे वळली आहेत. म्हणजे 'करात सूट' हे आता भांडवल उरलेलं नाही. 'तुमच्या पाच हजारांत या महिन्यात काय झालं' हे सांगणारा सचिवांचा दोन मिनिटांचा फोन हेच भांडवल. तो फोन करायला त्यांना बसवणं, हे तुमचं पहिलं काम.

बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातले पैसे मागायला, जायचं असेल तर आधी कागद. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावाच लागतो, पण ट्रस्टची त्यासाठीची सरकारी नोंदणी (सीएसआर-१) नसेल तर ती थेट पैसे देऊ शकत नाही. गुगलची पात्र सेवाभावी संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट देणारी योजना आहे, तीही पाहा. मात्र संकेतस्थळ नीट नसेल तर तिचा उपयोग नाही. देणगीवर टक्केवारी मात्र कधी घेऊ नका, कोणी आग्रह केला तरी. देणाऱ्याने मुलांसाठी दिलेल्या नोटेतला तुकडा आपल्या खिशात जातो, हे त्याला कळलं तर शाळेचं तोंड काळं होतं.

आणि मुलांचे फोटो. हे मी हात जोडून सांगते. आईवडिलांची लेखी संमती असल्याशिवाय एकही फोटो वापरू नका, आणि संमती असली तरी केविलवाणा फोटो वापरू नका. लाळ गळणाऱ्या लेकराचा जवळून काढलेला फोटो पाहून पैसे येतात, हे मला माहीत आहे. तरी नको. मेणबत्ती करणारे हात दाखवा, डबा उघडताना हसणारं तोंड दाखवा. ते मूल मोठं होणार आहे, आणि त्याची आई तो फोटो रोज पाहणार आहे.

आता फी. कोण किती घेतं ते विचारत फिरू नका, स्वतःचा हिशेब मांडा. समजा घरात दरमहा ३५ हजार द्यायचे आहेत. पेट्रोल, इंटरनेट, सॉफ्टवेअर, सीए, आरोग्य विमा मिळून ९ हजार. कर आणि रिकामे महिने यांच्यासाठी १६ हजार बाजूला. झाले ६० हजार. महिन्याचे कामाचे दिवस २५ दिसतात, पण ज्यांचे पैसे मिळतात असे १२ च धरा; उरलेले काम शोधण्यात, जाण्यायेण्यात, बिलांमागे आणि फोनवर जातात. ६० हजार भागिले १२, म्हणजे दिवसाचे ५ हजार. हा तुमचा दर. सुरुवातीचा अभ्यास तीन दिवसांचा, १५ हजार. नंतर महिन्याला दोन दिवस, १० हजार. असे सहा ग्राहक झाले की तुमचे १२ दिवस भरले. सातवा घेऊ नका. त्याला थांबायला सांगा. बचत गटाचा अर्धा दिवस म्हणजे २,५०० रुपये. आता कोणी 'पोस्टचे किती' विचारलं तर सरळ सांगा, 'मी पोस्टचे घेत नाही. तीन दिवस तुमच्याकडे बसते, गिऱ्हाईक कुठून येतं आणि कुठे गळतं ते लिहून देते, त्याचे १५ हजार.' काही जण उठून जातील. जाऊ द्या. जे थांबतील ते वर्षानुवर्षं थांबतात.

कामाआधी एका पानाचा कागद करा, साध्या मराठीत. काम काय, दिवस किती, फी किती, निम्मी आगाऊ, उरलेली कोणत्या तारखेला, मजकूर मंजूर कोण करणार. शेवटची ओळ विसरू नका. ट्रस्टमध्ये अध्यक्ष, सचिव आणि सुनबाई तिघंही दुरुस्त्या सांगतात. मी एका शिक्षणसंस्थेचं काम तोंडी बोलण्यावर केलं होतं. ७० हजार रुपये अकरा महिने अडकले, कारण काम ज्यांनी दिलं ते कार्यकारिणीतून गेले आणि नवे म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. त्या वर्षी मुलीची फी मी मंगळसूत्र गहाण ठेवून भरली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, आजच करा. सरकारच्या पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. नोंदणी असली की छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीला सरकारचं पोर्टल. बचत गटावर हे कधी उगारायचं नाही, हे सांगायला नको. पण एखादी मोठी संस्था टोलवाटोलवी करत असेल तर नुसता उल्लेख केलेलं पत्रही काम करतं. बाकी गुमास्ता (दुकानं-आस्थापनांची नोंदणी), चालू खातं, वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर. जीएसटी उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर. एका सीएला विचारून एका आठवड्यात उरकून टाका.

आणखी एक. पेज, नकाशावरची नोंद, संकेतस्थळाचं नाव, सगळं ग्राहकाच्या नावावर आणि ग्राहकाच्या ईमेलवर ठेवा. जाहिरातीचा पैसाही त्याच्याच कार्डावरून जाऊ द्या. माझ्या एका ग्राहकाचं संकेतस्थळ आधीच्या डिझायनरच्या नावावर होतं. तो गाव सोडून गेला आणि आठ वर्षांचं नाव गेलं. तुम्ही उद्या आजारी पडलात तरी दुकान चाललं पाहिजे.

नवी कामं कुठून येतील? सीए आणि छापखानेवाले. या दोघांकडे शहरातला प्रत्येक छोटा धंदेवाला येतो आणि मनातलं बोलतो. ज्या सीएकडे तुम्ही स्वतः जाल त्यालाच सांगा, तुम्ही काय करता. हिंगण्याच्या उद्योजक संघटनेत किंवा व्हीआयएत (विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन) एखाद्या कार्यक्रमाला जा, पण कार्ड वाटत फिरू नका. एकाच माणसाला त्याच्या दुकानाबद्दल वीस मिनिटं विचारा.

सासऱ्यांचं बोलणं उडवून लावू नका. त्यांना पगाराची तारीख दिसते, तुमच्या कामाची दिसत नाही, एवढंच आहे. त्यांना हा ६० हजारांचा हिशेब दाखवा आणि स्वतःला एक खूण घालून घ्या: येत्या मार्चअखेर दरमहा फी देणारे चार ग्राहक. चार झाले तर नोकरीचा विषय बंद. दोनवरच अडकलात तर अर्धवेळ नोकरी धरून हे सुरू ठेवा, त्यात कमीपणा नाही. आणि घरी असलात तरी सकाळी दहा ते एक तुम्ही कामावर आहात, हे सगळ्यांना एकदा सांगून टाका; नाहीतर गॅसवाला, पाहुणे आणि बँकेची कामं सगळी तुमच्याच वाट्याला येतील.

धरमपेठेतली खोली घेऊ नका. तुमच्या कामाला खुर्ची लागते ती ग्राहकाच्या दुकानात. ते भाडं सहा महिने बाजूला टाका, रिकाम्या महिन्याला उपयोगी पडेल. पुण्या-मुंबईचं एखादं ऑनलाइन काम चालून आलं तर घ्या, पैसे चांगले असतात. पण भर त्याच्यावर देऊ नका. उमरेडची मावशी दुकान निवडते आणि आजीचे गुडघे बस्ता घेऊन जातात, हे स्क्रीनवर दिसत नाही. ते पाहणारी माणसं या शहरात फार थोडी आहेत.

सुरुवात दवाखान्यापासून करा, येत्या सोमवारी, संध्याकाळी सहाला. वही दोनशे पानी घ्या, पुठ्ठ्याच्या बांधणीची, म्हणजे मांडीवर ठेवून लिहिता येतं. नोंदी फोनमध्ये करू नका. हातात फोन दिसला की समोरची बाई बोलायची थांबते. वही दिसली की म्हणते, 'हो, लिहा, हेही लिहा.'

तुमची,
ताई